अर्धे आधी

"टीचर, तुम्ही आमच्या बाबांना हिशेबनीस करून टाकलंत," असं म्हणून भाईंनी फोन ठेवला (म्हणाले कोकणीत, मी इथे मराठीत लिहितेय) आणि नंतर चार महिने उचललाच नाही. चतुर्थीला मुद्दाम घरी गेले, वहिनींनी चहा दिला, नेवऱ्या दिल्या, सुनेच्या नोकरीचं सांगितलं, पण भाई "आत पडलेत". आतून रेडिओ ऐकू येत होता, म्हणजे जागे होते.

भाई म्हणजे ज्या चित्रकाराचं चरित्र मी गेली सहा वर्षं लिहितेय त्यांचे थोरले चिरंजीव, वय ७८. चित्रकाराचं नाव इथे देत नाहीये कारण घरच्यांना ते सध्या नकोय, आणि खरं सांगायचं तर दिलं असतं तरी फोंडा तालुक्याबाहेर कुणाला काही बोध झाला नसता. गावात सगळे त्यांना पेंटरबाब म्हणायचे, बायकोसुद्धा. नाटकाचे पडदे रंगवणं हा मुख्य धंदा. आमच्याकडे देवळाचा उत्सव म्हटला की मराठी नाटक आलंच, पालखी फिरून आली की मध्यरात्रीनंतर गावातलेच दुकानदार आणि मास्तर तोंडाला रंग फासून संभाजी नि औरंगजेब व्हायचे आणि त्यांच्या पाठीमागे दरबार, महाल, रस्ता, जंगल, तुरुंग असे पाच पडदे वरखाली व्हायचे. ते पडदे पेंटरबाबांचे. शिवाय चतुर्थीआधी दोन महिने गणपतीची शाळा, दुकानांच्या पाट्या, होड्यांवरची नावं, तियात्राचे, म्हणजे कोकणी नाटकांचे, पडदे, नाताळात एका भाटकाराकडे, म्हणजे जमीनदाराकडे, गोठ्यामागचं आभाळ. जे येईल ते.

सुरुवात अगदी साधी झाली. गावच्या नाट्यमंडळाची स्मरणिका निघणार होती आणि मी कॉलेजात मराठी शिकवते म्हणून "टीचर, पेंटरबाबांवर दोन पानं द्या" असं सांगण्यात आलं. दोन पानांसाठी मी एक संध्याकाळ भाईंकडे गेले आणि तिथेच फसले. स्मरणिका निघाली, विकली, शिळी झाली, मी अजून लिहितेय.

मोठ्या चित्रकारांवर लिहिणाऱ्यांचा मला फार हेवा वाटतो. आपल्याच गोव्यातले घ्या. सांग्याचा आंतोनियो शावियेर त्रिंदाद, जन्म १८७०, मुंबईच्या जेजे कलाशाळेत शिकला आणि तिथेच शिकवायला लागला, बायकोच्या पोर्ट्रेटला १९२० साली बॉम्बे आर्ट सोसायटीचं सुवर्णपदक. त्याची आणि त्याच्या चित्रकार मुलीची, आंजेलाची, चित्रं आज पणजीत फुंदासांव ओरिएंत या संस्थेकडे आहेत, जाऊन समोर उभं राहता येतं. सांत इस्तेवच्या आंजेलो द फोन्सेकाने डॉक्टरकीचं शिक्षण सोडलं, शांतिनिकेतनात अवनींद्रनाथांकडे गेला, परत येऊन मेरीला साडी नेसवली, ते इथल्या धर्ममंडळींना काही रुचलं नाही, मग १९६७ मध्ये जाईपर्यंत तो जास्त करून पुण्यातच, एका ख्रिस्ती आश्रमात राहून रंगवत राहिला. त्याची कितीतरी चित्रं पर्वरीच्या झेवियर सेंटरमध्ये. सौझाचं तर विचारूच नका, साळगावच्या या माणसाने स्वतःबद्दल इतकं लिहून ठेवलंय की चरित्रकाराचं काम नुसतं भांडण्याचं. आणि जेजेतल्या धुरंधरांनी तर आपल्या तिथल्या एकेचाळीस वर्षांच्या आठवणी मराठीत लिहून ठेवल्या, म्हणजे आणखी काय हवं.

माझ्या माणसाने पत्रं लिहिली नाहीत, भाषण केलं नाही, प्रदर्शन भरवलं नाही. आणि मुख्य म्हणजे चित्रं नाहीत. मी सुरू केलं तेव्हा पेंटरबाबांचा एकही पडदा शिल्लक नव्हता. चित्रच नसलेल्या चित्रकाराचं चरित्र. नवऱ्याने पहिल्याच दिवशी विचारलं होतं की मग लिहिणार काय, त्याला मी अजून नीट उत्तर दिलेलं नाही.

पहिला धडा जन्मतारखेचा. घरात सगळे १९२१ म्हणायचे, कारण कुणीतरी जन्मशताब्दी करायची टूम काढली होती आणि तेव्हा २०२१ सोयीचं होतं. आपल्याकडे पोर्तुगीज अमलात १९१४ पासून जन्माची नोंद सक्तीची झाली, त्यामुळे गोव्यातल्या माणसाची तारीख मिळायला हवी असा माझा विश्वास. दोन दिवस नुसती जुनी पुस्तकं चाळली, नाव नाही. त्यांचं नाव 'श'वरून सुरू होतं एवढं सांगायला हरकत नाही, आणि मी बावळटासारखी एसच्या पानांवर शोधत होते. तिसऱ्या दिवशी तिथल्या एका म्हाताऱ्या कारकुनांनी चष्म्यावरून बघितलं आणि म्हणाले, एक्सवर बघा. पोर्तुगीज माणूस 'श' एक्सने लिहितो! शंकर तिथे शेंकोरा होऊन एक्सवर बसलेला असतो आणि गणेशचा गोणेशा. पाच मिनिटांत सापडले. साल १९१९. म्हणजे शताब्दी कधीच होऊन गेली होती, आणि टूमही विझलीच होती म्हणा.

पण त्या नोंदीत आणखी एक शब्द होता ज्याने मला रात्रभर झोपू दिलं नाही. बापाचा धंदा: पिंतोर. घरी कुणालाच माहीत नव्हतं. आजोबा देवळात काहीतरी करायचे, एवढंच. माझ्या डोक्यात लगेच सगळं जुळून आलं, की आजोबा कावीचं काम करणारे असणार. कावी म्हणजे आपल्या जुन्या देवळांच्या भिंतींवर लाल-पांढरं दिसतं ते, चुन्याच्या ओल्या गिलाव्यावर हिरमुंजीचा थर द्यायचा आणि तो वाळायच्या आत कोरून खालचा पांढरा उघडा करायचा. म्हणजे घराणंच चित्रकाराचं! एका बैठकीत सात पानं लिहिली, इतकी सुंदर की माझी मलाच वाचवेनात. मग एका पोर्तुगीज येणाऱ्या बाईंना सहज विचारलं तर त्या म्हणाल्या, अगो, घराला चुना काढणारासुद्धा पिंतोरच. सात पानं गेली. तिथे आता एक वाक्य आहे आणि त्यात 'बहुतेक' आहे.

हा 'बहुतेक' पुढे फार वाढला. भाईंना पहिली तीन प्रकरणं वाचायला दिली होती तेव्हा त्यांनी पेन्सिलीने प्रत्येक 'बहुतेक'भोवती गोल करून आणला. सत्तावीस गोल. "एवढी शंका आहे तर लिहिता कशाला," हा प्रश्न रागाने नाही, खरंच विचारला होता.

मग वही सापडली. गणपतीच्या शाळेच्या माळ्यावर, साच्यांच्या खाली, उभी हिशेबाची वही, लाल कापडाच्या पाठीची, पहिली काही पानं कसरीने खाल्लेली. मला वाटलं होतं त्यात स्केचेस असतील, विचार असतील. होतं काय तर मांजरपाट इतके वार, सरस इतके शेर, खडू, पेवडी, हिरमुंज, नीळ, काजळ, मोरचूद. मी अक्षरशः हिरमुसले. पण बसून वाचायला लागल्यावर हळूहळू माणूस कामाला लागलेला दिसायला लागला. पडदा रंगवायचा म्हणजे आधी मांजरपाटाला सरसाची खळ द्यायची, वाळला की खडूचा हात, मग त्यावर सरसात कालवलेल्या भुकट्या. सगळी मेख सरसात. जास्त झाला तर पडदा गुंडाळताना रंग तडकतो आणि कमी झाला तर सुटतो, ऐन प्रवेशात राजाच्या मुकुटावर पिठासारखा पडतो. पावसात सरस कुजतो, त्याचा वास म्हणजे भाई सांगतात की घरातली मांजरंसुद्धा बाहेर झोपायची, म्हणून त्यात मोरचूद. रंगवायचं दिवसा पण बघायचं रात्री, पेट्रोमॅक्स टांगून, कारण नाटक त्या उजेडात व्हायचं, दिवसा भडक वाटणारा दरबार रात्री कुठे नीट दिसायचा.

आणि एक ओळ पुन्हापुन्हा: "जुना धुवून". सरसाचे रंग पाण्याने निघतात. मंडळाकडे नव्या कापडाला पैसे नसले की जुना पडदा ओहोळावर नेऊन धुवायचा, वाळवायचा आणि त्याच कापडावर नवा दरबार. म्हणजे मी ज्याच्या चित्रांसाठी गावोगावच्या देवळांचे माळे धुंडाळत होते त्याने आपली निम्मी चित्रं आपल्याच हाताने धुतली होती, आणि धुण्याचे वेगळे पैसे लावले होते.

वहीत तारखा जवळपास नाहीत. "शिगम्याआधी", "काल्याला", "भाटकाराच्या बाराव्याला" असलं. कशी लावायची साल? इथे मला मदत केली ती पैशाने. पोर्तुगीज गोव्यात रुपया होता तो आपला वेगळा, सोळा तांग्यांचा, आणि १९५९ पासून एस्कुद आला, सहा एस्कुदांना एक रुपया असा बदलून. मुक्ती १९ डिसेंबर १९६१ ची, मग भारतीय रुपये. म्हणजे ज्या पानावर एस्कुद आहे ते १९५९ च्या आधीचं असूच शकत नाही आणि १९६२ च्या पुढे फारसं जात नाही. रंगांनीसुद्धा साथ दिली. आधी भुकट्या बेळगावच्या नि मुंबईच्या, मग १९५४-५५ मध्ये भारताने नाकेबंदी केली तेव्हा गोव्यात बटाटे हॉलंडहून यायचे, सिमेंट जपानहून, चहा सिलोनहून, आणि वहीत एकदम निळ्या रंगाच्या पुढे "डब्यातली, आगबोटीची" असं यायला लागतं. ही निळी महाग आहे. जंगलाच्या पडद्यांची संख्या त्या काळात कमी होते आणि तुरुंगाची वाढते. तुरुंगाला निळं आभाळ लागत नाही. मी याचा काही राजकीय अर्थ लावणार नाही, खूप मोह झाला तरी.

मध्येच चार-पाच पानांवर खळीने चिकटवलेली कात्रणं आहेत, सगळी दलालांची. दीनानाथ दलाल आपल्याच मडगावच्या कोंबचे, १९१६ चे, म्हणजे पेंटरबाबांहून तीन वर्षांनी मोठे, जेजेतून डिप्लोमा घेतला आणि १९४५ साली 'दीपावली' काढला. मुंबईहून येणाऱ्या कुणाच्या तरी ट्रंकेतून तो अंक गावात यायचा. कात्रणांवर पेन्सिलीने बारीक चौकोन आखलेत, मोठं करून उतरवण्यासाठी. म्हणजे आमच्या जत्रेतल्या महालाच्या पडद्यावर जी बाई खांबाला टेकून उभी असायची आणि जिच्याबद्दल गावातल्या जुन्या माणसांना अजून काय काय आठवतं, ती मूळची दलालांची. दोघं तीन वर्षांच्या अंतराने जन्मलेले, एकाच मातीतले, एक मुंबईला गेला आणि एक गेला नाही. का गेला नाही हे वहीत नाही. घरात विचारलं तर वहिनी म्हणाल्या, म्हैस होती.

आता गोष्ट ज्यावरून भाई रागावले ती.

पेंटरबाबांची गावात एक कथा आहे. १९५५ साली, म्हणजे १५ ऑगस्टचा सत्याग्रह झाला ते वर्ष, कामारीतून, म्हणजे नगरपालिकेच्या कचेरीतून, त्यांना बोलावणं आलं की पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार, त्याचं मोठं चित्र काढून द्या. प्रत्येक ऑफिसात, शाळेत ती तसबीर असायचीच. पेंटरबाबांनी भर ऑफिसात ब्रश मोडला, "ह्या हाताने त्याचं तोंड काढणार नाही" म्हणाले, आणि पोलिसांनी त्यांना आग्वादच्या तुरुंगात नेऊन तीन दिवस ठेवलं. मी ही कथा पाच जणांकडून ऐकली. तिघांच्या कथेत तीन दिवस होते, एकाच्या तीन आठवडे, आणि मंडळाच्या अध्यक्षांच्या भाषणात तीन महिने. स्मरणिकेच्या माझ्या दोन पानांतसुद्धा ती आहे, मीच लिहिली होती, चांगली रंगवून.

वहीत ती नोंद सापडली तेव्हा रात्रीचे साडेबारा झाले होते. जशीच्या तशी देते:

"कामारींतलें काम. सालाझार. ३×४ फूट, तेलरंग. ३०० एस्कुद. अर्धे आधी म्हणालों. बील फाझेंदींतून होईल म्हणाले. सोडलें."

त्याच्याखाली लगेच: "सरस २ शेर. नारळ २०."

एस्कुद, म्हणजे १९५५ नव्हे. ब्रश नाही, आग्वाद नाही. तीनशे एस्कुद म्हणजे जुन्या हिशेबाने पन्नास रुपये, आणि सरकारी खजिन्यातून बिल कधी सुटेल याचा भरवसा नाही, तेलरंगांचे पैसे खिशातून घालायचे. म्हणून सोडलं. खरं सांगते, मला आनंद झाला. माझ्यासारख्या हौशी संशोधकाला एखादी लाडकी दंतकथा फोडायला मिळाली की जो होतो तसला, थोडा घाणेरडा आनंद. दुसऱ्या दिवशी वर्गात शिकवतानासुद्धा डोक्यात तेच. प्रकरणाचं नाव लगेच ठरलं, 'अर्धे आधी', कारण तो त्यांचा नियमच होता, वहीत जागोजाग कामापुढे "अ.आ." असं लिहिलेलं. देवळाची समिती असो, तियात्रवाला असो नाहीतर सालाझार, अर्धे पैसे आधी ठेवा नाहीतर ब्रश हलणार नाही. मला तर ही गोष्ट त्या मोडलेल्या ब्रशापेक्षा जास्त आवडली. हुकूमशहाला आणि जत्रेच्या मंडळाला एकच रेट! हे सगळं खुलवून लिहिलं आणि भाईंना वाचायला पाठवलं.

पुढचं वर सांगितलंच.

ते चार महिने मी बरंच काही लिहून खोडलं. एक कल्पना अशी सुचली की आदमिनिश्त्रादोरला, म्हणजे तालुक्याच्या सरकारी अधिकाऱ्याला, तोंडावर नाही म्हणायची कुणाची छाती, तेव्हा लग्नपत्रिकासुद्धा सेन्सॉर होऊन छापल्या जायच्या, तर पेंटरबाबांनी मुद्दाम अॅडव्हान्सची अट पुढे केली असेल, माहीत होतं सरकार आधी पैसे देणार नाही. किती छान! भाई खूष, मी खूष, आणि आग्वाद नसलं तरी धैर्य उरतं. ते दीड पान लिहिलं आणि मग खोडलं कारण त्याला वहीत एका अक्षराचा आधार नव्हता. आधार एवढाच की सगळ्यांना तसं व्हायला हवं होतं, मलासुद्धा. आणि दुसरं म्हणजे ज्या पेंटरबाबांनी स्वतः जिवंत असेपर्यंत, १९८४ पर्यंत, ही ब्रशाची गोष्ट कधी कुठे सांगितल्याचं कुणाला आठवत नाही (मी नंतर एकेकाला विचारलं, सगळ्यांनी ती दुसऱ्याकडून ऐकलेली), त्यांच्या तोंडी मी आता नवी गोष्ट कशी घालू?

नाताळच्या सुट्टीत वहिनींचा फोन आला. "टीचर, वही घेऊन या. चष्मा पण आणा." एवढंच.

वहिनींचं घराला लागून छोटं दुकान आहे, मीठ-मिरची-काड्यापेटी, आणि उधारीची वही त्या स्वतः ठेवतात. त्यांनी पेंटरबाबांची वही मांडीवर घेतली, नारळ सोलून झालेले हात पदराला पुसले आणि पानं उलटायला लागल्या. मग एका ओळीवर बोट ठेवून विचारलं, हे काय? मी म्हटलं "मा." म्हणजे माल. कापड-रंग घेतले त्याची खूण, मी तसं तळटिपेतसुद्धा लिहिलंय. वहिनी हसायलाच लागल्या. "माल कसला, मागीर! मागीर देतले. मी पण तसंच लिहिते." मागीर म्हणजे कोकणीत नंतर. आणि दुकानाची वही आणून दाखवली, खरंच, उधारीवाल्यांच्या नावापुढे मा., मा., मा.

इतके दिवस मी ती वही वाचत होते. माणूस लिहितोय मराठीत पण खुणा करतोय कोकणीत, हे माझ्या, जन्म गोव्यात गेलेल्या बाईच्या, डोक्यात आलं नाही.

मग आम्ही दोघी बसलो आणि पहिल्यापासून मोजलं. वहिनी वाचत होत्या, मी रेघा मारत होते. ११८ कामं. त्यातली ७४ "अ.आ." आणि ३९ "मा.", पाच ठिकाणी काहीच नाही. म्हणजे 'नियम' वगैरे काही नव्हता. एकतृतीयांश कामं माणसाने उधारीवर केली होती. कुणाची? एका विधवेचा गणपती, सलग चार वर्षं, मा., आणि पुढे पैसे आल्याची खूण नाही. खाणीकडच्या एका गावातल्या मंडळाचे तीन पडदे, मा. एका वाचनालयाची पाटी. आणि एका काल्याचे पाचही पडदे मा., ते पैसे तब्बल दोन वर्षांनी आले, तेही अर्धे तांदूळ धरून. तियात्रवाल्यांचं मात्र कधीच मा. नाही, ते नेहमी रोख, त्यांच्याबद्दल एके ठिकाणी "बरे लोक" असंही लिहिलंय.

म्हणजे उधारी द्यायची की नाही हे ते माणूस बघून ठरवत होते. विधवेला दिली, खाणीकडच्या पोरांना दिली, सालाझारला दिली नाही. आता? माझं 'हुकूमशहाला आणि मंडळाला एकच रेट' हे लाडकं वाक्य गेलं. आणि मी खोडलेलं दीड पान परत दाराशी येऊन उभं राहिलं, तसं पूर्ण खरं नाही पण अगदी खोटंही नाही. सरकारचं बिल बुडेल ही नुसती धंद्याची भीती असेल, पन्नास रुपये ही मोठी रक्कम होती, आणि विधवेच्या गणपतीचे किती, दोन रुपये. तेही खरंच. मी प्रकरण पाचव्यांदा लिहिलं. त्यात आता नोंद आहे, मोजदाद आहे, ब्रशाची कथासुद्धा आहे, कथा म्हणून, ती कुणाकुणाकडून ऐकली त्यासकट, दिवस-आठवडे-महिन्यांसकट. नाव तेच ठेवलं. वहिनींना वाचून दाखवलं तेव्हा आतल्या खोलीतला रेडिओ बंद झाला होता.

फेब्रुवारीत भाईंनीच फोन केला, जणू काही झालंच नव्हतं. दोन गावं पलीकडच्या देवळात अग्रशाळेचं, म्हणजे धर्मशाळेचं, छप्पर काढताना वरच्या वाशांना बांधलेली एक गुंडाळी मिळाली होती. "पडदा असा दिसता. येतात?"

गेलो. उघडायला चार माणसं लागली. आत पालींची अंडी, वाळवीची माती, एका टोकाला कधीतरी पाणी मुरून कापड तपकिरी झालेलं, रंग खवल्यांसारखा सुटत होता म्हणून इंच इंच करत उलगडला, खाली माझ्या दोन जुन्या साड्या अंथरून. रस्त्याचा पडदा होता. रस्त्याचा पडदा म्हणजे ऐतिहासिक नाटकात पुण्याचा बाजार, सामाजिकात मुंबई, पौराणिकात मथुरा, एकच. दोन्ही बाजूंना घरं लांब जाऊन एका बिंदूत मिळतात, डाव्या हाताचं पर्स्पेक्टिव्ह थोडं चुकलंय, त्यामुळे त्या बाजूची घरं रस्त्यावर कलल्यासारखी वाटतात. आणि मग बघितलं तर घरांना बाल्कांव! पायऱ्या, दोन्ही बाजूंना बसायचे सोपे, वर शिंपल्यांच्या खिडक्या, प्रत्येक शिंपला वेगळा रंगवलेला, खडूच्या पांढऱ्यात थोडी नीळ थोडी पेवडी. आमच्या गावच्या पेशवाईतला राघोबादादा पणजीच्या फोंताइन्हशमधून चालायचा आणि पन्नास वर्षं कुणालाही त्यात वावगं वाटलं नाही.

तशीच एक खिडकी वहीच्या मागच्या पुठ्ठ्याच्या आत पेन्सिलीने काढलेली आहे, अख्ख्या वहीतलं एकुलतं एक चित्र. मी फोन काढून फोटो दाखवला. भाई पडद्याकडे बघत होते, फोनकडे नाही. ७८ वर्षांचा माणूस गुडघ्यांवर बसून एका खिडकीवर नाक लावून वास घेत होता. सरसाचा वास साठ-सत्तर वर्षं टिकतो का मला माहीत नाही, पण ते "हो, हो" करत होते. मग उठून पँट झटकत म्हणाले, "टीचर, त्या गायतोंड्यांच्या चित्राला मुंबईत २३ कोटी मिळाले म्हणे ना? ह्याला किती येतील?" २०१३ च्या लिलावाची बातमी त्यांनी कापून ठेवलीय, मला आधी दाखवली होती. समितीचा एक मुलगा म्हणाला, भाई, तुम्ही अर्धे आधी मागा. सगळे हसले, भाईपण. म्हणजे प्रकरण गावात पोचलं होतं, छापायच्या आधीच.

सहीसाठी उजवा खालचा कोपरा बघितला. पेंटरबाब तिथे 'पेंटर' आणि पुढे नाव घालायचे असं तीन वेगवेगळ्या म्हाताऱ्यांनी सांगितलं होतं. तो कोपरा उंदरांनी खाल्लाय. पाणी मारलेल्या लाल रंगात 'पें' एवढंच राहिलंय, आणि अनुस्वारही मी म्हणते म्हणून, नाहीतर तो एक डागही असू शकेल.

"बाबाच," भाई म्हणाले.

मी फोटो काढला, टेपने लांबी-रुंदी घेतली, अठरा फूट बाय साडेअकरा, आणि माझ्या वहीत पडद्यापुढे कर्त्याच्या रकान्यात त्यांचं नाव लिहिलं. भाई चष्मा वर करून वाकून बघत होते. नावाच्या पुढे मी 'बहुतेक' लिहिलं. त्यांनी शर्टाच्या खिशातून पेन्सिल काढली, थोडा वेळ नुसती धरली आणि परत खिशात ठेवली.